खलफान बिल्डिंगमधली गिरणी

अजमानचा इतिहास सांगायला बसलेली माणसं किल्ल्यापासून सुरुवात करतात. मग मोती, मग पडाव, मग एकदम काचेचे टॉवर. मधली पंचवीस वर्षं हे गाव ज्यांच्यावर चाललं त्या दुमजली बिल्डिंगांचं कुणाला काही पडलेलं नाही. मला पडलेलं आहे. तेरा वर्षं मी तसल्याच एका बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावर राहिलो, आणि रोज सकाळी माझ्या पायाखाली पिठाची गिरणी सुरू व्हायची.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीला हातात जरा पैसा आला तेव्हा इथल्या लोकांनी आपापल्या वाळूवर या बिल्डिंगा उठवल्या. खाली ओळीने दुकानं, दुकानात अर्ध्या उंचीवर माळा, वर चार-सहा बिऱ्हाडं आणि बाजूने उघडा जिना. आर्किटेक्ट वगैरे भानगड नसायची. मालकाने काठीने वाळूत रेघ ओढायची आणि मिस्त्रीने बांधायचं. वाळू समुद्राची, पाणी विहिरीचं खारट, त्यामुळे पंधरा वर्षांत आतल्या सळ्या फुगून छताचे पोपडे ताटात पडायला लागत. दिसायला कुरूप, उन्हाळ्यात भट्टी. पण परक्या माणसाला या गावात पाय टेकायला जागा मिळाली ती याच बिल्डिंगांत, हे आताचे टॉवरवाले विसरले.

रस्त्यांना नावं नव्हती, घरांना नंबर नव्हते. पत्ता म्हणजे खालचं दुकान. मी दुबईतल्या एका शिपिंग कंपनीत अकाउंटंट, टाय लावून जाणारा माणूस, आणि माझ्याकडे येणाऱ्याला मला सांगावं लागे, “टॅक्सीवाल्याला म्हणा, मठकरची चक्की.” रेगे कुठे राहतात हे अजमानात कुणालाही ठाऊक नव्हतं. मठकर कुठे दळतो ते सगळ्यांना ठाऊक होतं. पहिली दोन वर्षं मला ते चांगलंच झोंबलं.

सूर्यकांत मठकर मूळचा चिंचवडच्या एका कारखान्यातला फिटर. एक्क्याऐंशी साली इथे आला, काही वर्षं दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये जनरेटर दुरुस्त केले, आणि मग ही गिरणी टाकली. कल्पना त्याची नव्हे, त्याच्या बायकोची. कुंदावहिनींना ज्वारीचं ताजं पीठ मिळेना, म्हणून त्या नवऱ्याच्या मागे लागल्या. दोन जाती होती. एक पिठाचं, एक मसाल्याचं. पिठाच्या जात्यावर आमची सगळी मराठी मंडळी, दुबईतल्या ऊद मेथापासून गाडी काढून येणारी, भाजणी आणि ज्वारी घेऊन. मसाल्याच्या जात्यावर गावातल्या अरबी घरांचा मसाला. रमजानच्या आधी तर गाड्यांची रांग लागे, आणि धणे-जिरे-दालचिनीचा वास माझ्या ऑफिसच्या शर्टांना महिनाभर येई.

“किलोला एक दिरहम? म्हणजे साडेआठ रुपये झाले हो नुसत्या दळणाचे!” असं प्रत्येक नवी आलेली बाई एकदा तरी म्हणायची. मठकर म्हणायचा, “मग राहू द्या ना वहिनी, पुढच्या वेळी द्या.” आणि ती पुढची वेळ कधी यायची नाही. हा माणूस असा होता. बुटका, भुवयांपर्यंत पिठाने पांढरा, आवाज गिरणीच्या वर चढवायची सवय म्हणून घरातही ओरडून बोलणारा, आणि भिडस्त. इतका भिडस्त माणूस मी जन्मात पाहिला नाही. माझ्याकडे चहाला आला की पहिल्यांदा “नको, आत्ताच झाला.” दुसऱ्यांदा “कशाला वहिनींना त्रास?” तिसऱ्यांदा अपर्णाने, म्हणजे माझ्या बायकोने, कप हातातच दिला की मग दोन कप प्यायचा. आपल्याकडे सगळेच कमीअधिक असे. समोरच्याने आग्रह करायचा, आपण नको म्हणायचं, तिसऱ्या वेळेला घ्यायचं. मठकरने त्याचा धर्मच करून ठेवला होता.

बिल्डिंगचा मालक खलफान. आम्ही सगळे त्याला अरबाब, म्हणजे मालक, म्हणायचो. म्हातारा, एका डोळ्यात मोतीबिंदू, दाढी मेंदीने रंगवलेली. संध्याकाळी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून गिरणीच्या दारात बसायचा. शेजारच्या सलूनचा रफिक, हैदराबादचा, त्याची दाढी तिथेच खुर्चीवर करून द्यायचा. जुन्या अरबी माणसांना मुंबईकडची हिंदी येते, तशी त्यालाही यायची. मठकरवर त्याचा जीव होता. निनाद, मठकरचा मुलगा, पंच्याऐंशी साली इथल्याच हॉस्पिटलात जन्मला, तेव्हा खलफानने त्याच्या नावाने बकरा कापून आख्ख्या बिल्डिंगला वाटला होता. मठकर शाकाहारी होता. त्याने तो नको म्हटला, आणि खरंच नको होता, त्यामुळे तेव्हा काही बिघडलं नाही.

आता ज्यावर सगळं अडलं ते सांगतो. दुकानाचा करार वर्षावर्षाचा असायचा. करार असला तर लायसन, लायसन असलं तर व्हिसा, आणि बापाचा व्हिसा असला तर बायकोचा आणि पोराचा. चार पत्ते एकावर एक उभे केलेले. त्यात नगरपालिकेने, इथल्या बोलीत बलदियाने, वस्तीत नव्या गिरण्या काढू देणं बंद केलं. होती ती होत्या जागी चालू दे, पण हलवलीस तर इंडस्ट्रियल एरियात जा. तिथे शेड घ्यायची ऐपत नाही, आणि घेतली तरी पाव किलो मेथ्या दळायला तिथे कोण जाणार? म्हणजे ही एकच जागा. ती राहिली तर मठकर राहिला. आणि मठकरला राहायचं होतं, मुख्यतः निनादसाठी. तो पोरगा चिंचवडला सुट्टीत गेला की तिसऱ्या दिवशी “व्हेन आर वी गोइंग होम?” विचारायचा. अठरा वर्षांचा झाला की मुलगा बापाच्या व्हिसावर राहत नाही. तोवर गिरणी टिकली तर तिच्यावरच निनादचा व्हिसा काढायचा, असा बेत होता. नवराबायकोचं दुसरं काही स्वप्नच नव्हतं.

अठ्ठ्याण्णव साली ईद थंडीत आली. रिवाजाप्रमाणे आम्ही सगळे भाडेकरू सकाळी खलफानच्या मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या दालनात, सलाम करायला गेलो. मठकर आणि मी शेजारी शेजारी गादीवर. समोर खलफान, त्याच्या दोन्ही बाजूंना त्याचे तीन मुलगे, पांढरेशुभ्र. नोकर कॉफीची सुरई घेऊन फिरत होता. इथे कॉफी नको असेल तर रिकामी वाटी जरा हलवायची. हलवली की खलास, पुन्हा कुणी आग्रह करत नाही. मठकरला मी हे दरवर्षी शिकवायचो.

खलफानने त्याला जवळ बोलावलं. सगळे ऐकतील अशा आवाजात म्हणाला, “मठकर, मैं अब बुढ्ढा. जमीन बच्चा लोग को देता. उसके पहले तुमारा दुकान दस साल का कागज बनाता. बलदिया में पक्का. ये तीनों के सामने बोलता. तुम मंगता?”

 दहा वर्षं! निनाद बावीस वर्षांचा होईपर्यंत. मुलगे बापाकडे पाहत होते, धाकट्याच्या कपाळाला आठीही पडली होती. आणि आमचा मठकर दोन्ही हात जोडून, मान तिरकी करून, डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, “नहीं नहीं अरबाब. कागज किसको मंगता? आपका जबान है, बस है. बहुत मेहेरबानी.”

मी त्याला कोपराने ढोसलं. तो हसतच राहिला. खलफानने त्याच्याकडे क्षणभर आपल्या चांगल्या डोळ्याने बघितलं, मान हलवली, “जैन,” म्हणजे ठीक, म्हणाला, आणि रफिककडे वळून त्याच्या मुलींची चौकशी करू लागला. संपलं.

बाहेर आल्यावर मी त्याच्यावर तुटून पडलो.

“अहो मठकर, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? देतोय म्हणाला तर घ्यायचं!”

“अहो रेगेसाहेब, लगेच कसं हो म्हणायचं? बरं दिसतं का चारचौघांत? हावरटासारखं.”

“मग काय करणार आता?”

“विचारतील की पुन्हा. मनात आहे त्यांच्या. बघा तुम्ही, दोन दिवसांत विचारतील.”

मला त्याचा भयंकर राग आला होता. राग येण्याचं खरं कारण हे की मलाही वाटलं, विचारतील.

कुंदावहिनींना कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. “आत्ताच्या आत्ता जा आणि सांगा, हवंय म्हणून.” मठकर म्हणाला, “आता आपणहून मागायचं? नको म्हटल्यावर?” त्या म्हणाल्या, “मी जाते.” तो म्हणाला, “तू गेलीस तर माझं तोंड राहील का?” वहिनी गेल्या नाहीत. नवऱ्याचं तोंड राखायला हवं, हे त्यांच्याही हाडीमांसी भिनलेलं होतं.

मग सुरू झालं वाट बघणं. खलफान रोज यायचा, खुर्चीत बसायचा, पूर्वीसारखाच बोलायचा. मठकर त्याच्यासाठी थंड पाणी आणायचा, खुर्ची सावलीत सरकवायचा, विषय उगाच बिल्डिंगवर आणायचा. “अरबाब, ये दीवार को कलर मारेंगा.” “अरबाब, गटार का पाइप बदली किया मैंने.” म्हातारा म्हणायचा, “बारकल्ला,” म्हणजे शाब्बास. मठकर वर येऊन मला सांगायचा, आज विचारणार होते, तेवढ्यात कुणीतरी आलं. मी म्हणायचो, तुम्ही विचारा. तो म्हणायचा, एवढा रमजान जाऊ दे. त्या वेळी मला वाटायचं, हा माणूस दरवाजा उघडा असताना बाहेर उभा राहून कुणीतरी आत या म्हणायची वाट बघतोय.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये खलफान वारला. तीन दिवस मठकरने गिरणी बंद ठेवली. बाहेरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर कुणाला बसू दिलं नाही. तो खरोखर रडला, आणि त्यात दुकानाचं रडणं किती होतं हे विचारण्याइतका मी नीच नाही.

मुलगे वाईट नव्हते, हे सांगितलं पाहिजे. थोरल्याने मठकरला ऑफिसात बसवून कॉफी दिली. म्हणाला, बिल्डिंग जुनी आहे, छत पडायला आलंय, उद्या कुणाच्या डोक्यात पडलं तर? पाडायची आणि बारा मजली करायची. दोन वर्षं राहा, मग खाली करा. मठकर म्हणाला, “अरबाब ने मेरे को दस साल बोला था.” थोरला म्हणाला, “बोला था. मैं उदर बैठा था. तुमने ना बोला.” हे तो रागाने नाही म्हणाला. जे घडलं तेच म्हणाला.

मठकरने उरलेल्या दोन वर्षांत काही करायचं बाकी ठेवलं नाही. इंडस्ट्रियल एरियात शेड बघितली. शारजात जागा बघितली, तिथेही तोच नियम. एका मराठी मंडळाच्या अध्यक्षांकडे मी त्याला घेऊन गेलो. ते दुबई मरीनात फ्लॅट बुक केल्याच्या आनंदात होते, त्यांनी आम्हाला इमारतीची चित्रं दाखवली, आणि मठकरला म्हणाले, “आता रेडिमेड पीठ मिळतं हो सुपरमार्केटमध्ये. टाइम्स आर चेंजिंग.” मठकरने मान डोलावली. कुणाच्याही म्हणण्याला मान डोलावायची, हा त्याचा दुसरा रोग.

शेवटच्या महिन्यात खलफानची बायको जैनब मसाला दळायला आली. एरवी मोलकरीण पाठवायची, या वेळी स्वतः. तोंडावर जुन्या बायका लावतात तो सोनेरी बुरखा, हातात काठी. मठकरने मसाल्याचं जातं पुसून काढलं, स्टूल दिलं. मी ऑफिसातून येऊन जिन्याशी थांबलो होतो. दळण झालं, तिने पिशवी घेतली आणि म्हणाली, “मठकर, तुम इंडिया कब जाता?”

“जाना पडेगा, मम्मा. मन नहीं है.”

“मन नहीं?” ती थांबली. “ईद का दिन अरबाब घर में आके बोला, मठकर को मैं दुकान दिया, वो नहीं लिया. बोला, इसका दिल अपना मुलुक में है. इसको रोकना हराम है. फिर वो कबी नहीं पूछा. बोला, पूछेगा तो इसको शरम आएगा.”

मठकर स्टुलावर बसला. जातं बंद करायचं राहिलं होतं, ते रिकामं फिरत होतं, दगडावर दगड घासून धूर निघायला लागला. मी धावत जाऊन बटण बंद केलं. म्हणजे म्हाताऱ्याने वर्षभर रोज त्या खुर्चीत बसून, मठकरला अवघड वाटू नये म्हणून विषय टाळला होता. आणि मठकरने वर्षभर रोज, म्हाताऱ्याला अवघड वाटू नये म्हणून. दोघंही एकमेकांना जपत होते. मला त्या क्षणी दोघांच्याही मुस्काटात द्यावीशी वाटली, त्यातला एक तर मेलेला होता.

जैनब मुलांशी बोलली, असं नंतर कळलं. काही झालं नाही. कागद झाले होते, पाडणाऱ्याला ठेका गेला होता.

दोन हजार एकच्या उन्हाळ्यात बिल्डिंग पाडली. मी आधीच शारजाला गेलो होतो, पण त्या शुक्रवारी आलो. तशा बिल्डिंगा पाडायला काही कष्ट पडत नाहीत. मशीनने एक धक्का दिला की वरचा मजला खाली बसतो. सळ्या गंजून काडीसारख्या झालेल्या, दोन कामगार त्या हातानेच मोडत होते. रफिक माझ्या शेजारी उभा राहून म्हणाला, “साब, इतने साल हम लोग इसके नीचे सोए?” तो महिन्याभरात हैदराबादला निघून गेला. जाती मठकरने भंगारात दिली. दुसरं गिऱ्हाईक मिळालं नाही.

लायसन संपलं तसे व्हिसे कॅन्सल झाले. कुंदावहिनी आणि निनाद चिंचवडला गेले. विमानतळावर निनाद इयरफोन घालून बसला होता. पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा, हिंदी-अरबी-इंग्रजी तिन्ही मिसळून बोलणारा, मराठीत आईला फक्त “हो” आणि “नाही”. तिकडच्या कॉलेजात त्याला दुबईवाला म्हणू लागले, आणि तो एकदाही दुबईत राहिला नव्हता.

मठकर मात्र मागे राहिला. शारजाच्या एका सुपरमार्केटमध्ये मागच्या बाजूला मोठी दळणाची मशीन होती, तिच्यावर नोकरीला लागला. बंद पाकिटांतलं पीठ. राहायला आठ जणांच्या खोलीत एक खाट. मी विचारलं, जात का नाही? म्हणाला, “इथे असलो तर कधीतरी दोघांना परत आणता येईल. तिकडे गेलो की झालंच.” पण त्याच्या पगारावर कुटुंबाचा व्हिसा मिळत नव्हता. हे त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि आम्ही त्याबद्दल बोलत नव्हतो. पाडलेल्या जागेवर तर बारा मजले काय, बारा विटाही चढल्या नाहीत. खलफानच्या मुलांनी पैसा दुबईत लावला. जागेवर लोक गाड्या लावू लागले.

शुक्रवारी तो माझ्याकडे जेवायला यायचा, आणि मग आम्ही रस्त्यावरच्या फोनच्या बूथवर जायचो. कार्ड तो आठवडाभर पुरवून वापरायचा. दोन हजार तीनच्या ऑक्टोबरमधली गोष्ट. निनादला नुकतंच अठरावं पूर्ण झालं होतं. बूथचं दार उकाड्यामुळे उघडंच होतं, आणि मठकर अजून गिरणीच्या सवयीने ओरडून बोलायचा, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. आधी वहिनींशी बोलला, औषधं, पाणी येतं का वगैरे. मग निनाद.

“हॅपी बर्थडे रे. काय करतोस?”

पलीकडून पोराने काहीतरी लांबलचक विचारलं.

“बघतो ना बाळा. प्रयत्न चालू आहे. पुढच्या वर्षी, इन्शाल्ला.”

पुन्हा पलीकडून काहीतरी.  मग हळू आवाजात, मी त्याला इतक्या हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं, म्हणाला, “नाही रे. आता नाही होत. अठराच्या वर झालास ना. मी तुला आणू शकत नाही आता. आईलाही नाही. तेच घर समज.”

पलीकडे फोन ठेवला असावा, कारण तो रिसीव्हर कानाला धरून तसाच उभा राहिला, आणि त्यातला टूं टूं आवाज मला बाहेर ऐकू येत होता. मी त्याच्या खांद्याला हात लावला. तो बाहेर आला, खिशातून रुमाल काढून मान पुसली.

“काय म्हणाला?” मी विचारलं.

“म्हणाला, मग तुम्ही तिकडे कुणासाठी राहिलाय?”

  हातातलं कार्ड त्याने उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्यापुढे धरलं.

“यात अजून पंधराएक मिनिटं आहेत, रेगेसाहेब,” तो म्हणाला. “तुम्ही तुमच्या आईंना फोन करा.”